झडपा, भाज्या आणि भिलाईतले बारा दिवस

परत आल्यापासून जो भेटतो तो मला विचारतो, भिलाईत बघण्यासारखं आहे तरी काय? मी पोलाद कारखान्याचं नाव घेते, रुंद सरळ रस्त्यांचं आणि त्यांच्या दुतर्फा असलेल्या झाडांचं वर्णन करते. पण मग राहवत नाही आणि सांगून टाकते की, मी तिथे एका बाईचं हृदय पडद्यावर चालताना पाहिलं, त्यात अडकलेली धातूची झडप पाहिली, आणि ती मोकळी झालेलीही पाहिली. समोरचा म्हणतो, हे कसलं प्रवासवर्णन? म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

मी पुण्यात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर चिपळूणजवळ. विद्यार्थी संशोधन प्रकल्पासाठी मला भिलाईच्या एका हृदयशस्त्रक्रिया विभागात बारा दिवस मिळाले. प्रश्न साधा होता. हृदयाची खराब झडप काढून तिथे धातूची बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर गाठ धरते. मग गोळी घेणाऱ्यांपैकीही काहींचं रक्त घट्ट का राहतं? आम्ही रुग्णांच्या घरी जायचं, फॉर्म भरायचा, बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि तळहाताएवढ्या यंत्रावर आकडा पाहायचा. अडीच ते साडेतीनच्या मध्ये असला तर ठीक, त्याखाली गेला तर रक्त घट्ट.

सेक्टर 10

रेल्वेचे तास सोडून देते. दुर्ग स्टेशनवर जानेवारीच्या थंडीत मफलर गुंडाळलेले रामटेके काका उभे होते. माझ्या आईच्या शाळेतल्या एका बाईंची मोठी बहीण भिलाईला असते, तिचे हे यजमान. कारखान्यात भट्टीवर काम करून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे.

"तू ऋतुजा ना? गाडी लेट झाली तर मी दोन चहा पेलो," ते म्हणाले. "आता घरी चाल. तुही काकू वाट पाहून राहिली."

माझी बॅग त्यांनी स्कूटरच्या पुढच्या बाजूला उभी केली आणि दोन गुडघ्यांत घट्ट धरली. रस्ते इतके सरळ की आमच्या घाटातल्या माणसाला भीती वाटावी. वळणच येईना. संध्याकाळ होत होती आणि कारखान्याच्या बाजूचं आभाळ नारिंगी झालं होतं. मला वाटलं सूर्यास्त. काका म्हणाले, "सूर्य तिकडं हाय, तुह्या मांगं. हे आमचं हाय."

सेक्टर 10 मधलं त्यांच्या मुलाचं क्वार्टर दोन खोल्यांचं, समोर पेरूचं झाड आणि वाफ्यात कोथिंबीर. बैठकीत बुद्धाची शांत मूर्ती. काकूंनी मला जय भीम केला आणि पाटावरच बसवलं. जेवताना सगळे गप्प झाले, तेव्हा मला एक बारीक आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं.

काकू हसल्या. "तिकडं काय पायते? माह्या छातीत हाय थे. सात वर्सं झाली."

मी ताट सोडून उठले. जेवताना कुणाच्या छातीला स्टेथोस्कोप लावणं शोभत नाही हे मला कळत होतं, पण काकूच म्हणाल्या, "आयक ना, लाजून कावून राहिली?" मी ऐकलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की धातूच्या झडपेचा आवाज टोकदार असतो. पण तो एवढा स्वच्छ असतो, कुलूप लागल्यासारखा, हे कुठल्याच पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा ऐकलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी काका म्हणाले, "वरण थंडं होऊन राहिलं."

पहिला फॉर्म मी काकूंचाच भरला. पालेभाज्या खाता का? "रोज. एक वाटी. लाखोळीची, नायी तं चवळीची, जे असन थे." गोळी? रोज सहाला, चहाच्या आधी. आकडा आला तीन. एकदम बरोबर. मी चक्रावले. पालेभाज्या या गोळीच्या विरोधात काम करतात, असं आम्ही शिकलो होतो, आणि ही बाई रोज वाटीभर खात होती. मी फॉर्मच्या कोपऱ्यात लिहिलं, "अपवाद." त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.

उतई

माझी जोडीदार होती दामिनी साहू. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, उतईची. बोटातून रक्त काढण्यात तिचा हात इतका हलका की लोक विचारत, झालं का? ती माझ्याशी हिंदीत बोलायची, रुग्णांशी छत्तीसगढीत, आणि मी मराठीत काही पुटपुटले की बरोबर ओळखायची. तिच्या स्कूटीवर आम्ही तीन दिवस फिरलो. पहिल्या दिवशी एका शेतकरी आजोबांची बोटं इतकी गार होती की थेंबच येईना आणि यंत्र पुन्हापुन्हा चूक दाखवत राहिलं. मी घाबरले. पट्ट्या मोजक्याच होत्या. दामिनीने आजोबांना घरातल्या गोरसीजवळ बसवलं. गोरसी म्हणजे मातीची शेगडी, थंडीत तिच्याभोवती अख्खं घर बसतं. पाच मिनिटांत बोटं गुलाबी झाली. आजोबांनी तेवढ्यात मला विचारलं की तुमच्याकडे शेगडी नाही तर थंडीत लोक बसतात कुठे. मी म्हटलं, आमच्याकडे थंडीच नाही. त्यांना माझी दया आली.

तीन दिवसांत बरेच फॉर्म भरले, आणि सगळ्यांत एका प्रश्नाला सारखंच उत्तर आलं. "आप हरी सब्जी खाते हैं?" उत्तर यायचं, "नहीं." किंवा कधीमधी. मग आकडे एवढे खालीवर का, ते कळेना. गोळ्यांची पाकिटं आम्ही मोजून पाहिली होती, लोक खोटं बोलत नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी दामिनीच्या घरी जेवायला गेलो. अंगणात शेणाचा सडा, भिंतीला निळा रंग. तिच्या आईने भाताचा डोंगर वाढला. कोकणातल्या मुलीला भाताचं काय कौतुक, पण हा भात वेगळा, सुटा आणि गोडसर, आणि रात्री उरलेला, पाण्यात भिजवलेला भातही होता, बासी म्हणतात त्याला. आमच्याकडे पेज, इथे बासी. मग ताटात आली लाल भाजी, आमचा माठ. मग हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची. मग तिवऱ्याची, म्हणजे काकूंच्या लाखोळीची, लसणाची फोडणी दिलेली. तीन पालेभाज्या एका जेवणात. मी खाता खाता सहज म्हटलं, "आँटी, इतनी सारी हरी सब्जी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सब्जी कहाँ है बेटी? आज तो खाली भाजी है. सब्जी बनाने का टाइमच नहीं मिला."

माझा घास हातातच राहिला. दामिनीचाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

इथे सब्जी म्हणजे दुधी, वांगं, बटाटा. पाला म्हणजे भाजी. भाजी ही सब्जीत येतच नाही, तिचं खातं वेगळं. आणि मी, जिच्या भाषेत बटाट्याचीसुद्धा भाजीच होते, ती तीन दिवस दोन्ही एकच धरून चालले होते. लोक खरं बोलत होते. आमचा प्रश्नच चुकला होता.

"मैं तो यहीं की हूँ," दामिनी कपाळाला हात लावून म्हणाली. "मुझे तो समझना था. पर फॉर्म में छपा था न, तो मैंने सोचा डॉक्टर लोग का कुछ अलग मतलब होगा."

मला हसू येत होतं. सगळे फॉर्म वाया. पण त्याहून जास्त वाटत होता तो उत्साह. मला धावत जाऊन सगळ्यांना पुन्हा विचारायचं होतं, आत्ता, याच क्षणी. दामिनीच्या आईंनी हात धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या की ताट संपल्याशिवाय विज्ञान नाही.

संध्याकाळी सरांसमोर उभ्या राहिलो. सर म्हणजे हृदयशस्त्रक्रिया करणारे आमचे मार्गदर्शक, कमी बोलणारे. मी सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ फॉर्म चाळत राहिले.

"फाड़ना मत," ते म्हणाले. "गलत फॉर्म भी रखो. क्यों गलत हुआ, वो भी लिखो. और कल से सही सवाल पूछो."

त्या रात्री काकूंचा फॉर्म मी पुन्हा काढला आणि "अपवाद" खोडलं. काकू रोज खात होत्या, पण रोज तेवढीच. एक वाटी. गोळीचं आणि भाजीचं रोजचं माप ठरलेलं होतं. ज्यांचे आकडे उड्या मारत होते ते कदाचित एक महिना भाजी खात नसतील आणि शेतात कोवळी भाजी आली की दोन्ही वेळा खात असतील. मी हे काकूंना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं.

"हे तं मले सिस्टरनं सांगतलं होतं सात वर्सांपयले," काकू म्हणाल्या. "तू विचारलंच नायी."

अहिवारा

सहाव्या दिवशी अहिवाऱ्याकडे निघालो. चुनखडीच्या खाणींचा भाग. रस्त्याकडेची झाडं पिठात लोळल्यासारखी पांढरी, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रक आम्हालाही तसंच करून जाई. पोचलो तेव्हा दामिनीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहून सांगितलं की तुझ्याही.

दुसऱ्या दिवशी छेरछेरा होतं. पौष पौर्णिमेला इथे मुलं आणि मोठेही घरोघर जाऊन नव्या पिकाचं धान मागतात आणि प्रत्येक घर देतं, कुणीच रिकामं पाठवत नाही. आमच्या शिमग्यातल्या फिरण्याची मला आठवण झाली, पण हे मागणं जास्त हक्काचं. घरोघरी तांदळाच्या पिठाच्या पुऱ्या तळण्याची तयारी होती. सुकवारो बाईंच्या घरीही.

सुकवारो बाई, पस्तिशीच्या आतल्या. चार वर्षांपूर्वी रायपूरला झडप बदललेली. नवरा चुनखडीचा ट्रक चालवतो, तो फेरीवर होता. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. सुकवारो बाई पीठ मळत होत्या आणि मध्येच थांबून श्वास घेत होत्या. दामिनीने नवा प्रश्न विचारला, त्यांच्या बोलीत, भाजी किती खाता असा.

त्यांचा चेहरा खुलला. तिवऱ्याची, हरभऱ्याची. शेतात कोवळी आली तेव्हापासून दोन्ही वेळा, ताटभर. त्याआधी? आधी नाही, पावसाळाभर नाही, शेतात नव्हतीच. डॉक्टरांनी मना नव्हती केली? "हरी सब्जी" मना केली होती, ही तर भाजी. गोळी? एकही चुकवली नाही. त्यांनी रिकामी पाकिटं दाखवली, नीट एका दोऱ्यात ओवून ठेवलेली. रक्त तपासायला मात्र सुगीत जाणं झालं नव्हतं.

थेंब घेतला. आकडा आला एक पूर्णांक तीन.

मी पट्टी बदलून पुन्हा घेतला. एक पूर्णांक तीन.

मग मी स्टेथोस्कोप लावला. पाच दिवस मी काकूंची झडप सकाळ-संध्याकाळ ऐकत होते, फोनवर तिचा आवाज टिपूनही घेतला होता. तो स्वच्छ, टोकदार आवाज मला पाठ झाला होता. इथे तो नव्हता. एक दबलेला, ओला आवाज होता, आणि मागे फुसफुस. मी जागा बदलली, डोळे मिटले, पुन्हा ऐकलं. मला स्वतःवर विश्वास बसेना. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आयुष्यात ऐकलेल्या झडपा हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्या.

"इनसे पूछ," मी दामिनीला म्हटलं, "आवाज येतो का त्यांना? टिक टिक?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. पूर्वी फार यायचा, सूनबाईच्या शेजारी झोपलं की झोप लागू देत नसे. पण आता दहाएक दिवस झाले, बंद. बरं झालं, शांत झोप लागते. सुकवारो बाईही हसल्या. त्यांना वाटलं होतं झडप आता अंगात मुरली.

दामिनीचं तोंड उतरलं. मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. सरांनी एकच विचारलं, "सीधी लेट सकती हैं?" मी आत विचारलं. नाही, आडवं झालं की श्वास लागतो, तीन रात्री बसूनच. सर म्हणाले, "अभी लाओ. मैं एम्बुलेंस भेजता हूँ. हिलने-डुलने मत देना."

सुकवारो बाई तयार होईनात. उद्या छेरछेरा, दारात येणाऱ्यांना धान कोण देणार, पीठ मळलेलं, नवरा घरी नाही. परवा येईन. दामिनीने समजावलं, मी माझ्या मोडक्या हिंदीत समजावलं. त्या नम्रपणे मान हलवत होत्या आणि पुन्हा पिठाकडे वळत होत्या. मला पहिल्यांदाच कळलं की आजार ओळखणं हा सोपा भाग आहे.

शेवटी मी स्टेथोस्कोप सासूबाईंच्या कानात घातला. आधी माझ्या फोनमधला काकूंच्या झडपेचा आवाज त्यांना ऐकवला, मग सुनेच्या छातीवर लावला. म्हातारी बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने दामिनीकडे पाहिलं.

"घडी बंद होगे हे का, नोनी?"

दामिनी म्हणाली, "हव दाई. बंद होवत हे." हो आजी, घड्याळ बंद पडतं आहे.

सासूबाई उठल्या. पिठाच्या परातीवर फडकं टाकलं, शेजारणीला हाक मारून कोठीची किल्ली तिच्या हातात दिली आणि उद्या दारात येणाऱ्या कुणालाही परत पाठवू नको म्हणून बजावलं. मग सुनेची शाल स्वतःच काढली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सर्वांत आधी चढून बसल्या त्या सासूबाईच.

पुन्हा भिलाई

पडद्यावर हृदय दिसतं तेव्हा ते करडं असतं आणि आपल्याला वाटतं तितकं सुंदर नसतं. पण त्यात धातूच्या झडपेची दोन पाखं स्पष्ट काळी दिसतात. एक उघडमिट होत होतं. दुसरं जागच्या जागी थरथरत होतं, हलत नव्हतं. सर म्हणाले की पुन्हा छाती उघडावी लागू शकते, पण आधी गाठ विरघळवणारं औषध देऊन पाहू, थेंबाथेंबाने, त्यातही धोका आहे. सासूबाईंना त्यांनी सगळं खाली बसून, त्यांच्या डोळ्यांत पाहत सांगितलं. एवढे शब्द मी सरांच्या तोंडून बारा दिवसांत दुसऱ्यांदा ऐकले नाहीत. संध्याकाळपर्यंत नवराही धुळीने माखलेला तसाच येऊन पोचला.

औषध सुरू झालं. त्या दिवशी मी आणि दामिनी काहीच उपयोगाच्या नव्हतो, पण तिथून हललोही नाही. दामिनीच्या आईने डबा पाठवला. त्यात भोपळ्याची सब्जी होती. डब्यावर चिठ्ठी होती, "भाजी नहीं है."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर दोन्ही पाखं उघडत होती आणि मिटत होती. दोन्ही. मी दामिनीचा हात एवढा जोरात दाबला की तिने तो झटकून सोडवला. सर पडद्याकडे बघत म्हणाले, "रिपोर्ट में लिखना, सही सवाल किसने पूछा था." मग जरा थांबून, "और किसकी माँ ने."

सुकवारो बाईंनी श्वास मोकळा झाल्यावर पहिली गोष्ट विचारली ती घरी धान कुणी दिलं ही. शेजारणीने दिलं होतं. सगळ्यांना.

पुढचे दिवस आम्ही राहिलेल्या सगळ्या घरी पुन्हा गेलो, नवा प्रश्न घेऊन. चुकीच्या फॉर्मचा गठ्ठाही सोबत ठेवला. मग सल्ल्याचा एक कागद तयार केला. मी हिंदीत लिहिला, दामिनीने छत्तीसगढीत केला, आणि मोठ्या अभिमानाने सुकवारो बाईंना दाखवायला वॉर्डात नेला. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि परत दिला.

"पढे बर नई आवय," त्या म्हणाल्या. वाचता येत नाही.

दामिनीने फोन काढला आणि म्हणाली की मग तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दांत, सगळ्यांसाठी. सुकवारो बाई लाजल्या, पदर ओढला, सासूबाईंनी कोपर मारलं. मग त्या बोलल्या, संथपणे, जणू घरच्याच कुणाला सांगत आहेत. रोज थोडी भाजी खा, पण रोज तेवढीच. कोवळी आली म्हणून ताट भरू नका. गोळी सोडू नका. आणि छातीतली टिकटिक बंद झाली तर खूश होऊ नका, तेव्हाच दवाखान्यात या.

निघायच्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागात ते पहिल्यांदा वाजवलं. दामिनीने फोन एका छोट्या स्पीकरला जोडून बाकांच्या मधोमध ठेवला होता. बाकांवर वीसेक माणसं, कुणी खोकत होतं, कुणी मोबाईल बघत होतं, कुणी नंबर विचारायला उठलं होतं. सुकवारो बाईंचा आवाज सुरू झाला आणि हळूहळू खोकणं थांबलं. समोरच्या बाकावर धोतर नेसलेले एक म्हातारे बसले होते. ते स्पीकरकडे वाकले, अगदी माणसाचं ऐकावं तसे.

"गोली ला झन छोडव," आवाज म्हणाला. गोळी सोडू नका.

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. "हव बेटी," ते स्पीकरला म्हणाले, "नई छोडंव."